इंका ट्रेल: सहा जणांचा गट, एक दुखरा गुडघा आणि वाटेतले अवशेष

सांजवारा

नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये पेरूला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण आहोत: मी, नवरा, दीर-जाऊ, त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी आणि माझी मोठी नणंद, जिला घरात सगळे माई म्हणतात. माई ५८ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि या सहलीची मूळ कल्पनाही त्यांचीच. पण त्यांचा उजवा गुडघा उतरताना दुखतो. चढताना काही त्रास नाही, सपाटीवर दोन-तीन तास आरामात चालतात.

बाकी आम्ही पाच जण डोंगरात बऱ्यापैकी फिरलेलो आहोत, पण ३,००० मीटरच्या वर कोणीच राहिलेलं नाही. दिराचं म्हणणं, माचू पिचू या इंकांच्या प्राचीन शहरापर्यंत चालत नेणारा चार दिवसांचा क्लासिक इंका ट्रेल करू आणि माईंना ट्रेनने थेट तिथे आणू. माई काही बोलत नाहीत, पण मला ते बरं वाटत नाही. ज्यांना अवशेष पाहायचे आहेत त्याच ट्रेनने जाणार आणि बाकीचे वाटेवरून. माझे प्रश्न असे:

क्लासिक ट्रेलवर सगळ्यात अवघड दिवस कोणता? सगळीकडे दुसऱ्या दिवसाचीच भीती घातलेली दिसते. माईंसाठी मधला मार्ग आहे का? आणि सहा जणांचा वेग सारखा नसेल तर वाटेत काय करतात? जेवण शाकाहारी हवं, माई अंडंही खात नाहीत.

ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आडवाटेचा

परमिटच्या भानगडीत न पडता साल्कांताय, म्हणजे माचू पिचूकडे जाणारी दुसरी वाट, करा असं सुचवेन. क्लासिक ट्रेलवर दिवसाला ५०० माणसांचीच परवानगी असते आणि त्यात गाईड, पोर्टर, स्वयंपाकी सगळे धरलेले. म्हणजे प्रत्यक्ष चालायला आलेल्यांना साधारण २०० जागा. जूनच्या तारखा फार लवकर जातात. साल्कांतायला असा रोजचा कोटा नाही, खिंड ४,६०० मीटरच्या वर आहे आणि ६,२७१ मीटरचं बर्फाचं शिखर अगदी समोर. निसर्ग म्हणाल तर तोडच नाही.

पायवाट

सांजवारा, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा मोठं लिहिते.

आडवाटेचा यांचं म्हणणं निसर्गापुरतं अगदी खरं आहे. पण माईंना अवशेष पाहायचे आहेत आणि साल्कांतायवर ते जवळजवळ नाहीतच. शेवटाकडे याक्तापाता लागतं, तिथून समोरच्या डोंगरावर माचू पिचू दिसतं, ते सुंदर आहे, पण तेवढंच. (क्लासिक ट्रेलच्या पहिल्या दिवशी जे पातायाक्ता लागतं त्यालाही काही नकाशांवर याक्तापाता लिहितात. जागा पूर्ण वेगळ्या आहेत, गोंधळू नका.) शिवाय खिंड जास्त उंच आणि उतार लांबलचक, म्हणजे माईंच्या गुडघ्यासाठी तो पर्याय आणखी वाईट.

आता अवघड दिवस. दुसऱ्या दिवशी पहिल्या मुक्कामावरून, म्हणजे वायाबांबाच्या ३,००० मीटरवरून वार्मीवान्युस्का खिंडीत ४,२१५ मीटरवर चढता. दम लागतो, पण तो चढ सरळ आहे: दहा पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. घाई नसेल तर जमतो. त्या दिवसाची भीती सगळे घालतात, कारण आकडा मोठा आहे.

माझ्या मते खरा दिवस तिसरा. अवघडही तोच आणि ज्यासाठी ही वाट चालायची तोही तोच. पाकायमायोच्या मुक्कामावरून निघालात की रुंकुराकायचे अवशेष, मग साधारण ३,९५० मीटरची दुसरी खिंड, मग सायाकमार्का, दगडात कोरलेला बोगदा, फुयुपातामार्का, इंतिपाता आणि विन्याय वायना हे आणखी अवशेष. एवढं सगळं एका दिवसात, साधारण १६ किलोमीटरमध्ये. आणि फुयुपातामार्कापासून विन्याय वायनापर्यंत तब्बल हजार मीटर उतरायचं, तेही दगडी पायऱ्यांनी. पायऱ्या म्हटल्यावर डोळ्यांसमोर जिना आणू नका. एक पायरी घोट्याइतकी, पुढची गुडघ्याइतकी, तिसरी तिरपी आणि ओली. एका लयीत उतरताच येत नाही, प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. दुसऱ्या दिवशी पाय संपवून आलेली माणसं तिसऱ्या दिवशी मान खाली घालून, फक्त पायऱ्या मोजत उतरतात आणि इंतिपाताचा फाटा सोडून देतात. असे गट मी पाहिलेत आणि मनापासून वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन, एवढा खर्च करून, पाहायचं तेच राहून जातं.

तिथे काय आहे ते सांगते, म्हणजे मी एवढं का म्हणतेय ते कळेल. रुंकुराकाय लहान आहे, वर्तुळाकार. आतल्या बाजूने हात फिरवलात तर भिंत वळत जाते आणि भिंतीतले कोनाडेही त्या वळणाबरोबर वळतात. समोर पूर्ण पाकायमायोची दरी उघडी पडते. वाटेवरचं मुक्कामाचं आणि टेहळणीचं ठिकाण असावं असं मानतात, आणि तिथे उभं राहिलं की पटतं. सायाकमार्का डोंगराच्या सोंडेवर बांधलंय आणि आत शिरायला एकच अरुंद, खडा जिना. वर गेलात की पाण्याची दगडी पन्हळ बघा. आणि बांधकाम खडकाशी कसं जुळवून घेतलंय तेही बघा: खडक फोडून सपाट केलेला नाही, भिंतच त्याच्या आकाराने फिरवली आहे. एका ठिकाणी मूळ कातळ कुठे संपतो आणि रचलेले दगड कुठे सुरू होतात, हे बोट लावून शोधावं लागलं. फुयुपातामार्काला एकाखाली एक दगडी कुंडं आहेत, वरच्याचं पाणी खालच्यात उतरतं. विन्याय वायनाला तर वरचा आणि खालचा असे घरांचे दोन गट, त्यांना जोडणारा लांब जिना, जिन्याच्या कडेने पाण्याची कुंडं, आणि डोंगराच्या पोटात वळत गेलेल्या शेतीच्या पायऱ्या.

माईंना एक गोष्ट नक्की आवडेल. माचू पिचू जगासमोर आणणारा अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम १९११ मध्ये तिथे पोचला तो खालून, नदीकडून चढून. ही वरची वाट त्याने नंतर, १९१५ च्या मोहिमेत धुंडाळायला घेतली. आणि विन्याय वायना तर १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल फेयोशच्या मोहिमेत उजेडात आलं. म्हणजे ट्रेन आणि बसने येणारा माणूस बिंगहॅमच्या बाजूने येतो. इंका ज्या बाजूने यायचे ती बाजू ही. नुसतं पोचायचं असतं तर वाट इतक्या उंचावरून न्यायची गरज नव्हती, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. एकामागून एक ठिकाणं लागत जाणं, आणि शेवटी इंती पुंकूच्या दारातून माचू पिचू दिसणं, हा त्या रचनेचाच भाग आहे. म्हणून माईंना थेट ट्रेनने आणण्याच्या मी अगदी विरोधात आहे.

मधला मार्ग आहे. त्याच ट्रेनने रेल्वेच्या किलोमीटर १०४ या थांब्याला उतरायचं. तिथून छोटा इंका ट्रेल सुरू होतो. नदी ओलांडली की लगेच चाचाबांबाचे अवशेष, मग चढ, चढ आणि चढ थेट विन्याय वायनापर्यंत, तिथून इंती पुंकू, मग माचू पिचू. चढ साधारण सहाशे मीटरचा आहे आणि ऊन लागतं, पण क्लासिकसारखा हजार मीटरचा उतार त्यात नाही. इंती पुंकूहून माचू पिचूपर्यंतची वाट उताराची आहे खरी, पण ती फरसबंद आणि सौम्य. तंबूत झोपायचं नाही, रात्री माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास काल्येंतेस गावात हॉटेल. माईंना चढताना त्रास नाही म्हणता, तर ही वाट त्यांच्यासाठीच असल्यासारखी आहे. यालाही परमिट लागतं आणि गाईड सक्तीचा असतो. बरोबर भाचीला किंवा तुम्हालाच जाता आलं तर उत्तम.

आता गट एकत्र कसा येईल ते. बहुतेक जण चार दिवसांचा ट्रेल घेतात. काही एजन्सी पाच दिवसांचाही करतात. त्यात तिसरी रात्र विन्याय वायनाऐवजी वर फुयुपातामार्काला काढतात. चौथ्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी तो मोठा उतार, दुपारी विन्याय वायना, मग इंती पुंकू, रात्री आग्वास काल्येंतेस, आणि पाचव्या दिवशी माचू पिचू निवांत. तुमचे चालणारे पाच दिवसांचा ट्रेल घेतील आणि माईंचा छोटा ट्रेल बरोबर त्यांच्या चौथ्या दिवशी सुरू होईल, असं बघा. खालून माई येतील, वरून बाकीचे उतरतील, आणि वेळ जुळली तर विन्याय वायनाला दुपारी सगळे भेटाल. इंती पुंकूपर्यंतचा शेवटचा टप्पा सहाही जण बरोबर. दोन्ही परमिटं एकाच एजन्सीकडून, एकाच वेळी काढा आणि हे जुळवायचं आहे हे पहिल्याच ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.

पाच दिवसांचा आणखी एक फायदा. चार दिवसांच्या ट्रेलमध्ये शेवटच्या दिवशी पहाटे साडेतीनच्या सुमाराला उठवतात, कारण पोर्टरना तंबू गुंडाळून लवकरची ट्रेन गाठायची असते. मग चौकीचं गेट उघडेपर्यंत अंधारात रांग. पाच दिवसांच्या ट्रेलमध्ये हे सगळं टळतं.

वेगाबद्दल: गटाला दोन गाईड आहेत का हे आधी विचारा. एक पुढे, एक सगळ्यात मागच्या माणसाबरोबर. मागच्यासाठी सगळ्यांनी ताटकळत उभं राहायचं नाही. घाम थंड होतो आणि मागच्यालाही ओशाळवाणं वाटतं. आधी ठरलेल्या जागी थांबायचं. आणि अवशेषांपाशी मात्र सगळे आल्याशिवाय गाईडने बोलायला सुरुवात करायची नाही, हे पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवा. नाहीतर मागून येणारा पोचतो तेव्हा गोष्ट संपलेली असते आणि पुढचे निघालेले असतात. रोज हेच झालं की तो माणूस शेवटी विचारायचंच सोडून देतो.

चकवाचांदणं

पायवाट, फार छान लिहिलंत. मी डॉक्टर आहे, म्हणून उंचीबद्दल थोडं.

कुस्को ३,४०० मीटरवर आहे. विमानातून उतरून थेट तिथे राहिलात तर पहिल्या रात्री डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होऊ शकतं, तरुण आणि व्यायाम करणाऱ्यांनाही. किंबहुना तरुण लोक जास्त धावपळ करतात आणि जास्त त्रास ओढवून घेतात. विमानतळावरून सरळ खाली उरुबांबाच्या खोऱ्यात ओयांतायतांबोला जा, ते साधारण २,८०० मीटरवर आहे. पहिल्या दोन-तीन रात्री तिथे काढा आणि कुस्को नंतर बघा. ट्रेलही तिथून जवळच, किलोमीटर ८२ ला पिस्काकुचोपाशी सुरू होतो.

असेटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी आपापल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी, किडनीचे आजार, इतर औषधं हे सगळं बघावं लागतं. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. कोकाच्या पानांचा चहा तिकडे सगळीकडे देतात, प्यायला हरकत नाही, पण तो या औषधाला पर्याय नाही. पानं मात्र घरी आणू नका, बहुतेक देशांत बेकायदा आहेत.

महत्त्वाचं म्हणजे विश्रांती घेऊनही थांबत नसलेली धाप, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर लगेच खाली उतरायचं. वार्मीवान्युस्काच्या अलीकडे असाल तर मागे वायाबांबाकडे फिरता येतं. दुसरी खिंडही ओलांडली की परतणं लांब आणि अवघड होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला खरोखर बरं नसेल तर ते लपवायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा. गाईडकडे ऑक्सिजन असतो का हेही विचारा.

सांजवारा

काय बोलू, तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. पायवाट, तुमचं उत्तर मी माईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चाचाबांबा दोनदा म्हणायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. दीर पाच दिवसांना तयार आहे. जाऊबाई माईंबरोबर छोटा ट्रेल करेन म्हणतायत.

अजून थोडं: गटातल्या एखाद्याचं ऐन वेळी रद्द झालं तर त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो का? पोर्टरना टीप कधी आणि कशी द्यायची? जेवणाचं राहिलंच. आणि जूनमध्ये गर्दी फार असते का?

पायवाट

माईंना माझा नमस्कार सांगा. जाऊबाईंचंही कौतुक वाटलं.

परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. चौकीवर पासपोर्ट आणि परमिट ताडून बघतात, मूळ पासपोर्टच लागतो. मधे कोणाचा पासपोर्ट नवा झाला तर एजन्सीला लगेच कळवा आणि जुनाही बरोबर ठेवा. म्हणून सहाच्या सहा जण ठाम असतील तेव्हाच पैसे भरा.

पोर्टरबद्दल विचारलंत हे फार आवडलं, बरेच जण विचारत नाहीत. एका पोर्टरवर जास्तीत जास्त २० किलो ओझं, त्याच्या स्वतःच्या सामानासकट, असा नियम आहे आणि चौकीवर वजन होतं. तुमच्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा सांगतील, स्लीपिंग बॅग त्यातच. ती पाळाच. 'थोडं जास्त आहे, चालेल ना' असं म्हटलं की ते थोडं कोणाच्या तरी पाठीवर जातं. एजन्सी निवडताना मी तर हाच प्रश्न आधी विचारीन: पोर्टर कुठे झोपतात, काय जेवतात, त्यांना पावसाळी कपडे आणि चांगले बूट कोण देतं? जी एजन्सी याचं नीट उत्तर देते ती बाकीचंही नीट करते, असा माझा अनुभव आहे. स्वस्तातल्या ट्रेलमधला फरक बहुतेक वेळा याच माणसांच्या मजुरीतून निघतो.

टीप सोलमध्ये (पेरूच्या चलनात), सुट्ट्या नोटांत, शेवटच्या मुक्कामाच्या संध्याकाळी द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वेगळे निघून जातात. फक्त गाईडच्या हातात पुडकं न देता प्रत्येकाच्या हातात द्या. वाटेत ते मागून धावत येताना दिसले की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. पाठीवरच्या ओझ्याचा धक्का लागला तर दरीकडचा माणूस जातो.

जेवण: स्वयंपाकी बरोबर असतो आणि सूप, बटाटे, भात, किन्वा, भाज्या हे रोज असतंच. अडचण सूपची. 'शाकाहारी' म्हटलं तरी कोंबडीच्या उकळलेल्या पाण्यात भाज्या घालून देऊ शकतात. मांस, मासे, कोंबडीचं पाणी आणि अंडं, हे चारही नको असं वेगवेगळं लिहून द्या आणि पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला गाईडकरवी पुन्हा सांगा. माईंच्या छोट्या ट्रेलवर डबा असतो, त्यातल्या सँडविचचंही आधीच सांगावं लागेल.

जून कोरडा महिना आहे. पाऊस कमी, आकाश निवळ, रात्री कडाक्याची थंडी. पाकायमायोला तापमान शून्याच्या आसपास जातं. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो, त्या आठवड्यात शहर तुडुंब भरतं आणि हॉटेलं महागतात. उत्सव बघायचा नसेल तर महिन्याचा पहिला पंधरवडा धरा. फेब्रुवारीत ट्रेल दुरुस्तीसाठी बंद असतो, तेव्हा तारखा पुढे-मागे करताना तो महिना सोडा. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत. काठ्या न्या, पण टोकांना रबराच्या टोप्या लावून, नाहीतर चौकीवर अडवतात.

तयारी उतरण्याची करा. सगळे चढायचा सराव करतात. पाठीवर पाच-सहा किलो घेऊन जिने उतरा, आठवड्यातून तीन-चार वेळा, आत्तापासून. मांड्या तयार झाल्या की गुडघ्यावर भार कमी येतो. हे दिरालाही सांगा. पाच दिवसांच्या ट्रेलवर तो हजार मीटरचा उतार त्यालाच उतरायचाय.

आडवाटेचा

माईंबद्दल वाचल्यावर माझं मत बदललं. त्यांच्यासाठी पायवाट म्हणतात तेच बरोबर. भाचीला मात्र पुढे कधीतरी चोकेकिराव या दुसऱ्या इंका अवशेषांचं नाव सांगून ठेवा. आपुरिमाक नदीच्या दरीत १,५०० मीटरपर्यंत उतरून पलीकडे पुन्हा ३,००० पर्यंत चढायचं, पण तिथे शेतीच्या पायऱ्यांच्या भिंतीत पांढऱ्या दगडांचे लामा बसवलेत.

सांजवारा

भाचीने ते वाचलं आणि आता घरात तोच विषय चालू आहे.

तारीख ६ जूनच्या आसपास धरतोय. तीन एजन्सींना ईमेल केलं, दोन्ही ट्रेल जुळवायचं आणि पोर्टरचे प्रश्न दोन्ही त्यात लिहिले. एकीचं उत्तर आलंय. फुयुपातामार्काचा मुक्काम करतात म्हणाले, पण छोट्या ट्रेलला वेगळा गाईड, म्हणजे वेगळे पैसे. पोर्टरच्या प्रश्नाला उत्तरच नाही. माई म्हणाल्या, मग ही नको. बाकी दोघांची वाट बघतोय, आली की इथेच लिहिते.